गोथाचा माळी: हेन्री नेहर्लिंग आणि रंगीत पानांचा वारसा

मिशिगन सरोवराच्या काठावरील मिलवॉकी शहरात १८८०च्या दशकाच्या अखेरीस एक पस्तिशीचा गृहस्थ बंदरावर जकातीचे काम पाहत असे. हिवाळ्यात सरोवराचा काठ गोठायचा, रस्त्यांवर बर्फाचे ढीग साचायचे आणि तेथून हजार मैलांहून अधिक अंतरावर, फ्लोरिडाच्या मध्यभागी, या गृहस्थाच्या मालकीची चाळीस एकर रेताड जमीन उन्हात पडलेली असायची. जमीन त्याने हौसेने घेतली होती. पण पत्नी, मुलांचे मोठे लटांबर आणि पगाराची नोकरी उत्तरेत होती. तेथे कायमचे राहायला जाण्यासाठी त्याला पुढे पंधराहून अधिक वर्षे थांबावे लागले. गावाकडे तुकडा घेऊन ठेवायचा, मधूनमधून जाऊन कुंपण पाहून यायचे आणि ‘पुढच्या वर्षी’ म्हणत परतीच्या गाडीत बसायचे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा आहे. फरक इतकाच, की हेन्री नेहर्लिंग खरोखरच गेले.

फ्लोरिडातील बागकामाच्या जगात नेहर्लिंग हे नाव आजही आदराने घेतले जाते. त्या राज्याबाहेर मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही. ऑरलँडोच्या पश्चिमेला गोथा नावाची छोटी वस्ती आहे. मुलांना घेऊन डिस्नेवर्ल्डला गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांची गाडी या गावापासून थोड्याच मैलांवरून गेलेली असते. आज उष्ण हवेच्या बागांमध्ये, मग ती बाग टॅम्पातली असो, ह्यूस्टनमधली असो किंवा दुबईतल्या एखाद्या सावलीच्या गच्चीवरची असो, लाल-पांढऱ्या-गुलाबी पानांची जी कॅलेडियमची झाडे दिसतात, त्यांना अमेरिकी घराघरांत नेण्याचे मोठे श्रेय या एका माणसाकडे जाते.

नेहर्लिंग यांचा जन्म ९ मे १८५३ रोजी विस्कॉन्सिनमधील शेबॉयगन परगण्यात, जर्मन स्थलांतरितांच्या कुटुंबात झाला. घरात जर्मन, चर्चमध्ये जर्मन, शाळेतही जर्मन. भोवती मात्र अमेरिकेचे घनदाट अरण्य. पक्ष्यांचे वेड त्यांना तेथेच लागले. इलिनॉयमधील अ‍ॅडिसन येथे लुथेरन पंथाच्या अध्यापक विद्यालयात शिकून ते मास्तर झाले. त्यांचे त्यापुढचे आयुष्य एखाद्या बदलीच्या नोकरीसारखे होते: इलिनॉय, मग टेक्सास, मग मिसूरी. पगार तुटपुंजा होता, परंतु प्रत्येक नव्या गावाबरोबर नवे पक्षी भेटत होते. १८८२ मध्ये ह्यूस्टन परिसरातील पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात छापून आली. विद्यापीठाची पदवी नसलेला खेड्यातला शाळामास्तर केवळ डोळे उघडे ठेवून आणि वही जवळ बाळगून विद्वानांच्या पंक्तीला जाऊन बसला.

१८८७ मध्ये त्यांना मिलवॉकीच्या बंदरावर जकात खात्यातील नोकरी मिळाली आणि काही वर्षांतच ते त्या शहराच्या सार्वजनिक संग्रहालयाचे प्रमुख अभिरक्षक झाले. याच काळात त्यांचा उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांवरचा ग्रंथ प्रथम जर्मन भाषेत आणि पाठोपाठ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. इंग्रजी आवृत्तीचे दोन खंड १८९३ आणि १८९६ मध्ये निघाले. नेहर्लिंग इथेच थांबले असते, तरी पक्षिशास्त्राच्या इतिहासात त्यांच्या नावे एक परिच्छेद नक्की लागला असता.

पण त्यांचे मन दक्षिणेत होते. गोथा हे गाव एका जर्मन उद्योजकाने वसवले आणि जर्मनीतील आपल्या जन्मगावाचे नाव त्याला दिले. १८८०च्या दशकाच्या मध्यावर नेहर्लिंग यांनी तेथे जमीन घेतली, तेव्हा सारा मध्य फ्लोरिडा संत्र्यांच्या स्वप्नात होता. प्रत्येकजण बागायतदार होऊन श्रीमंत होणार होता. मग १८९४ च्या डिसेंबरात थंडीची एक लाट आली आणि १८९५ च्या फेब्रुवारीत दुसरी. पहिल्या लाटेतून वाचलेल्या झाडांना मधल्या उबदार दिवसांत पालवी फुटली होती, सालीखाली रस चढला होता. दुसऱ्या लाटेत तो रस गोठला आणि खोडे उभी फुटली. निफाड परिसरात पारा घसरला, की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवल्या जातात, हे आपण बातम्यांत वाचतो. फ्लोरिडातील शेतकऱ्यांनीही पाइनची लाकडे जाळून पाहिली होती. उपयोग झाला नाही. संत्र्यांचा तो सारा पट्टा उजाड झाला आणि अनेक कुटुंबे घरे तशीच टाकून उत्तरेला निघून गेली.

ज्या भूमीवरून लोक निघून जात होते, तेथेच नेहर्लिंग विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, बिऱ्हाडासह राहायला आले. संत्र्यांवर त्यांची भिस्त नव्हती. त्यांना पाहायचे होते, की जगाच्या उष्ण पट्ट्यातील कोणकोणती झाडे या रेताड जमिनीत आणि या लहरी हिवाळ्यात तग धरतात. आपल्या बागेला त्यांनी ‘पाम कॉटेज गार्डन्स’ असे नाव दिले. ताड-माडाच्या जाती, बांबू, मॅग्नोलिया, क्रोटन, ड्रासिना, ऑर्किड, अ‍ॅमरिलिसचे कंद असे जे जे मिळेल ते ते लावायचे, नोंद ठेवायची, मेले तर का मेले ते लिहायचे आणि जगले तर शेजाऱ्याला द्यायचे. अमेरिकेच्या कृषिखात्याची परदेशी बियाणे व रोपे आणण्याची शाखा तेव्हा डेव्हिड फेअरचाइल्ड यांच्या हाताखाली जोमाने काम करीत होती. तिच्याकडून येणाऱ्या रोपांची चाचणी घेणाऱ्या बागांत गोथाची गणना होऊ लागली. नेहर्लिंग यांनी तीन हजारांच्या आसपास प्रकारच्या वनस्पती लावून पाहिल्या आणि त्यांतील सुमारे तीनशे फ्लोरिडाच्या बागांत रुजल्या, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे दहा लावावीत, तेव्हा एक टिकणार. या प्रमाणाला कंटाळणाऱ्याने या धंद्यात पडू नये.

या साऱ्या पसाऱ्यात त्यांचा खरा जीव जडला तो कॅलेडियमवर.

आपल्याला हे झाड अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ते अळू आणि सुरण यांच्याच कुळातले. पानाचा आकार अळूसारखाच, बाणाच्या टोकासारखा किंवा बदामी. फक्त हिरव्याच्या जागी एखाद्या रंगाऱ्याने कुंचला झटकावा तसे लाल, गुलाबी आणि पांढरे शिंतोडे, शिरा वेगळ्या रंगाच्या आणि कडा आणखी वेगळ्या. खाजही अळूचीच, पानांत आणि कंदात सुईसारखे स्फटिक असतात म्हणून. चिंच घातली तरी हे फदफदे जमणार नाही, कारण हे झाड निव्वळ पाहण्यासाठी आहे. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिका, विशेषतः ब्राझील. एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड ब्लू या फ्रेंच माणसाने पॅरिसमध्ये त्याचे संकर करून युरोपातल्या काचघरांना वेड लावले. पुढे ब्राझीलमध्येच रिओ द जानेरो येथे अडॉल्फ लीट्झे या उद्यानतज्ज्ञाने नवे वाण निर्माण केले. लीट्झे यांची झाडे १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. १८९३ चे शिकागो म्हटले, की भारतीय मनाला त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली सर्वधर्मपरिषद आणि स्वामी विवेकानंद आठवतात. त्याच वर्षी, त्याच शहरात, उद्यानविभागाच्या दालनात मिलवॉकीहून आलेला संग्रहालयाचा एक अधिकारी ब्राझीलच्या पानांपुढे खिळून उभा राहिला होता.

गोथाला आल्यावर नेहर्लिंग यांनी स्वतः संकर करायला सुरुवात केली. हे काम वाटते तितके सोपे नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. कॅलेडियमचा फुलोरा म्हणजे शेवळ्याच्या फुलोऱ्याची लहानशी आवृत्ती: होडीसारखे पांढुरके आवरण आणि मधोमध एक दांडा. दांड्याच्या तळाशी मादीफुले असतात, वरच्या भागात नरफुले आणि दोहोंच्या मध्ये वांझ फुलांचा पट्टा. मादीफुले आधी तयार होतात. त्याच दांड्यावरचा पराग मोकळा होतो तो नंतर, साधारण दिवसभराच्या अंतराने, तोवर मादीफुलांची वेळ उलटत आलेली असते. झाडाने स्वतःशीच लग्न लावू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही व्यवस्था. संकर करणाऱ्याने एका झाडाचा ताजा पराग वेळेवर गोळा करायचा, दुसऱ्या झाडाच्या कोवळ्या फुलोऱ्याचे आवरण बाजूला सारून तो नाजूक कुंचल्याने खाली लावायचा आणि मग फळे पिकण्यासाठी महिना-दीड महिना थांबायचे. बी अगदी बारीक. रोपे उगवतात ती बहुधा साधी हिरवी, एकसारखी. रंग पुढच्या पानांत हळूहळू उतरतो. आणि एकाच फळातल्या दोन बियांची पानेही सारखी निघत नाहीत. शेकडो रोपांतून दोन-चार ठेवायची आणि उरलेली निर्दयपणे उपटून टाकायची, ही यातली खरी कला. हळव्या माणसाचे हे काम नव्हे. आणि तरीही नेहर्लिंग यांचे लेखन वाचताना वाटते, की ते हळवेच होते.

जुन्या वाणांचे मोल ज्यामुळे आहे, ती गोष्ट यापुढची. निवडलेले रोप बियांतून पुन्हा तसेच मिळत नाही. ते टिकवायचे तर कंद कापून, डोळे वेगळे करून पुन्हा लावायचा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या वाणाचे जे झाड आज कुंडीत उभे आहे, ते मूळ झाडाचे नातवंड किंवा पणतवंड नसते. हातोहात तुकडे होत आलेले ते तेच झाड असते. दर हिवाळ्यात पाने लोळतात, कंद झोपी जातो. त्याला कोरड्या, उबदार जागी ठेवावे लागते; शीतकपाटात ठेवला की संपला. जमीन पुरेशी तापल्याशिवाय, म्हणजे विसाहून अधिक अंश सेल्सियस झाल्याशिवाय, तो लावू नये, नाहीतर गार ओल्या मातीत कुजतो. लावण्यापूर्वी मधला मोठा डोळा कोरून काढला, तर बाजूचे डोळे फुटतात आणि पाने भरगच्च येतात. यांतले एक वर्ष कोणी चुकले आणि त्या वाणाचा दुसरा कंद कुठेच उरला नसेल, तर तो वाण जगातून गेला. पुस्तकात त्याचे चित्र राहील. झाड राहणार नाही.

नेहर्लिंग यांना हे कोणी समजावण्याची गरज नव्हती. फेब्रुवारी १९१७ च्या पहिल्या आठवड्यात थंडीची आणखी एक लाट फ्लोरिडावर आली आणि गोथाच्या बागेतील नाजूक झाडांचा फार मोठा भाग तिने नेला. पत्नी सोफी यांचे १९११ मध्येच निधन झाले होते. आता नेहर्लिंग त्रेसष्ट वर्षांचे होते. त्या वयात माणसाने उरलेसुरले सांभाळत व्हरांड्यात बसावे, तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र आणखी दक्षिणेला, जेथे पाणी गोठण्याची भीती जवळजवळ नाही अशा नेपल्स येथे, जमीन घेऊन नवी बाग सुरू केली. आजचे नेपल्स म्हणजे धनिकांच्या बंगल्यांचे शहर. तेव्हाचे नेपल्स हे मेक्सिकोच्या आखातावरचे एक लहानसे खेडे होते. टॅम्पा आणि मायामी यांना जोडणारा मोठा रस्ता पुरा व्हायला अजून दशकभर अवकाश होता. उरलेली रोपे आणि कंद त्यांनी अशा आडबाजूच्या गावी नेले.

फ्लोरिडाच्या या पंथात ते एकटे नव्हते. ओव्हिडो गावातील थिओडोर मीड हे त्यांचे स्नेही. ऑर्किड आणि कॅलेडियम यांच्या संकराचा नाद त्यांनाही होता. कंदांची देवघेव, पराग पाठवणे, एकमेकांच्या अपयशाच्या हकीकती सांगणे हे दोघांत वर्षानुवर्षे चालले. मीड यांच्या नावाचे उद्यान आज विंटर पार्कमध्ये आहे.

या पिढीचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. जगभरातून झाडे आणून लावणे हे त्या काळी निखळ पुण्यकर्म मानले जाई. दलदल शोषून घेईल म्हणून ऑस्ट्रेलियातून आणलेल्या मेलाल्यूका या झाडाने पुढे एव्हरग्लेड्सच्या पाणथळीचा गळा आवळला आणि ते उपटण्यासाठी सरकारला अफाट पैसा ओतावा लागला. आपल्याकडची घाणेरी आठवा: तीही कधीकाळी शोभेचे झुडूप म्हणूनच भारतात आणली गेली आणि आज डोंगरच्या डोंगर तिने व्यापले आहेत. नेहर्लिंग यांनी एवढी झाडे तपासली, त्यांपैकी प्रत्येक निरुपद्रवी होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु त्यांची तपासण्याची रीत, लावून वर्षानुवर्षे पाहणे आणि वाईट ते वाईट म्हणून लिहिणे, ही त्या उत्साही काळात दुर्मीळ होती.

लिहिणे त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. १९२०च्या दशकात एस्टेरो येथून निघणाऱ्या ‘अमेरिकन ईगल’ या साप्ताहिकात ते आपल्या बागेतील झाडांविषयी नियमित लिहीत. हे पत्र चालवणारा पंथ मोठा विलक्षण होता. आपण पृथ्वीच्या पाठीवर नसून तिच्या पोकळीच्या आत राहतो, अशी त्याची श्रद्धा होती. पण बागायतीत ही मंडळी अत्यंत कुशल होती आणि नेहर्लिंग यांना वाचक हवे होते, विश्वरचनेवर एकमत नव्हे. पत्रकारितेत काही वर्षे घालवलेल्या माणसाला हे पाहून हेवा वाटतो: एका लहान गावच्या साप्ताहिकात सत्तरी ओलांडलेला लेखक एकेका झाडावर रकानेच्या रकाने लिहितो आहे आणि संपादक ते कापत नाही.

१९२९ मध्ये त्यांना मेयर पदक देण्यात आले. फ्रँक मेयर हा कृषिखात्यासाठी चीनमध्ये झाडे शोधत हिंडणारा संशोधक १९१८ मध्ये यांगत्से नदीत मरण पावला. त्याने मृत्युपत्रात सहकाऱ्यांसाठी ठेवलेल्या रकमेतून हे पदक सुरू झाले; परदेशी वनस्पती रुजवणाऱ्यांसाठीचा तो मोठा सन्मान होता. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला नेहर्लिंग यांचे निधन झाले, कॅलेडियमची पाने लोळून कंद झोपी जाण्याच्या दिवसांत.

मृत्यूनंतर त्यांचे वर्तमानपत्री लेखन आल्फ्रेड आणि एलिझाबेथ के या दांपत्याने संपादित केले आणि १९३३ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. फ्लोरिडात बाग करणाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी तो ग्रंथ हाताळला. त्यांचा मुलगा अर्नो वडिलांच्याच वाटेने गेला आणि मॅसॅच्युसेट्समधील जुन्या, नावाजलेल्या उद्यानविद्या संस्थेचा कारभार त्याने पाहिला. नेपल्सची बाग अनेक वर्षे रानात बुडून गेली होती. १९५०च्या दशकात एका श्रीमंत रसिकाने ती साफ करून लोकांसाठी उघडली. नंतर तेथे प्राणी आले आणि आज ती नेपल्सचे प्राणिसंग्रहालय म्हणून ओळखली जाते. जिराफ पाहायला येणाऱ्या मुलांच्या डोक्यावर जी जुनी झाडे सावली धरतात, त्यांतली काही नेहर्लिंग यांच्या काळातील आहेत.

गोथाची मालमत्ता निरनिराळ्या मालकांच्या हाती गेली, आकसत गेली आणि ऑरलँडो फुगत गेल्यावर तिच्या भोवती घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. २००० मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत घेतली गेली आणि २००९ मध्ये नेहर्लिंग यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने उरलेली जमीन आणि लाकडी घर विकत घेतले. चाळीस एकरांपैकी आता थोडेच एकर शिल्लक आहेत. तेथील काम बहुतांशी स्वयंसेवक करतात.

व्यापारी कॅलेडियमची शेती मात्र आणखी दक्षिणेला, लेक प्लॅसिड गावाभोवतीच्या काळ्या भुसभुशीत मातीत स्थिरावली. जगात विकल्या जाणाऱ्या कॅलेडियमच्या कंदांपैकी बहुसंख्य आज त्या एका गावाच्या परिसरातून येतात. उन्हाळ्यात तेथे शेतेच्या शेते गालिच्यासारखी रंगीत दिसतात आणि त्या निमित्ताने जत्राही भरते. विद्यापीठातील संशोधक ऊन सोसणारे, रोगाला दाद न देणारे नवे वाण काढत असतात. ते अधिक विकले जातात, आणि त्यात गैर काही नाही.

तरी जुन्या वाणांच्या याद्या चाळताना मधूनच एक नाव भेटते: ‘मिसेस अर्नो नेहर्लिंग’. पान पांढरे, शिरा लालसर. म्हाताऱ्याच्या सुनेचे नाव. माझ्या व्हरांड्यात पूर्वेकडच्या बाजूला, आंब्याच्या सावलीत, या वाणाची एक कुंडी आहे. गेल्या नोव्हेंबरात तिचे कंद काढून मी पिशवीत भरले, पिशवीवर नाव लिहिले आणि ती स्वयंपाकघरातल्या फडताळात, डाळ-तांदळाच्या डब्यांमागे ठेवली. मार्च संपत आला आहे. माती अजून हवी तेवढी तापलेली नाही.